एन्नोर : जनतेच्या आरोग्याची न मांडलेली बेरीज

(अभ्यासवर्गातील व्याख्यानाचा मजकूर)



एखाद्या प्रदेशातील जनता कशी जगते हे जाणून घ्यायचे असेल, तर तेथे किती कारखाने उभे राहिले, किती मेगावॉट वीज निर्माण झाली आणि बंदरात किती टन माल उतरला एवढे विचारून भागत नाही. तेथील मूल रात्री शांत झोपते की खोकत उठते, तेथील बाई विहिरीचे पाणी निर्धास्तपणे भरू शकते की नाही, चाळिशीतला कष्टकरी जिना चढताना धापा टाकतो की नाही, हेही विचारावे लागते. पहिल्या प्रकारच्या प्रश्नांची उत्तरे सरकारी अहवालांत ठळक अक्षरांत छापलेली असतात. दुसऱ्या प्रकारच्या प्रश्नांची उत्तरे सहसा कोठेच नसतात. कारण ते प्रश्न कोणी अधिकृतपणे विचारलेलेच नसतात. चेन्नई महानगराच्या उत्तर टोकाला असलेल्या एन्नोरची कहाणी ही या दोन प्रकारच्या प्रश्नांमधील अंतराची कहाणी आहे. महाराष्ट्रातील चंद्रपूर, कोराडी, तारापूर आणि माहूल येथील श्रमिकांना ती अनोळखी वाटणार नाही.

खाडीवरचे गाव

पूर्वेला बंगालचा उपसागर, पश्चिमेला कोसस्तलैयार नदी आणि बकिंगहॅम कालवा, उत्तरेला एन्नोरची खाडी, अशा तिन्ही बाजूंनी पाण्याने वेढलेल्या पट्ट्यावर एन्नोर वसलेले आहे. कोसस्तलैयार, कूवम आणि अड्यार या चेन्नईच्या तीन नद्यांपैकी सर्वात मोठे पाणलोट क्षेत्र कोसस्तलैयारचे आहे, आणि तिच्या पुराचे पाणी या खाडीतूनच समुद्राला मिळते. उत्तरेकडे हेच पाणी पुलिकतच्या विस्तीर्ण खाजणाशी जोडलेले आहे. जेथे गोडे आणि खारे पाणी मिसळते तेथे मासळीची पैदास होते. कोळंबी, खेकडे, बोय, शिंपल्या यांवर येथील मच्छीमारांच्या वस्त्या पिढ्यान्‌पिढ्या जगत आल्या. या वस्त्यांना तामिळमध्ये ‘कुप्पम’ म्हणतात. मराठी वाचकाने कोळीवाडा समजावे. त्यांच्याबरोबर इरुळर आदिवासीही आहेत. या समाजातील स्त्रिया कमरेइतक्या पाण्यात उभ्या राहून चिखलातून हाताने कोळंबी वेचतात. ब्रिटिश अमदानीत मद्रासचे गोरे साहेब हवापालटासाठी एन्नोरला येत असत. ज्या गावाची हवा औषध म्हणून घेतली जात होती, त्या गावात आज हवेवर औषध घ्यावे लागते.

स्वातंत्र्यानंतर येथे उद्योग आले आणि त्यांचे स्वागतही झाले. १९४८ साली स्थापन झालेल्या अशोक मोटर्सचा, म्हणजे पुढच्या अशोक लेलँडचा कारखाना एन्नोरचाच. उत्तर मद्रासच्या या पट्ट्यात एक लढाऊ कामगारवर्ग तयार झाला. उद्योग नकोत असे येथील जनतेने कधी म्हटले नाही, ही गोष्ट प्रारंभीच नोंदवली पाहिजे. प्रश्न उद्योगाचा नाही. उद्योगाचा खर्च कोणी आपल्या शरीराने भरायचा, हा प्रश्न आहे.

आरोग्य दवाखान्यात तयार होत नाही

एंगेल्सने १८४५ साली इंग्लंडमधील कामगारवर्गाच्या स्थितीवर ग्रंथ लिहिला तेव्हा त्याने रोग्यांची यादी करून विषय संपवला नाही. मँचेस्टरच्या वस्त्या, तेथील नाले, कोंदट खोल्या आणि कामाचे तास यांचे वर्णन करून त्याने दाखवून दिले की, कामगारांचे अकाली मृत्यू हे दैव नसून एका समाजव्यवस्थेचे कृत्य आहे. तीन वर्षांनी, १८४८ मध्ये, रुडॉल्फ व्हिर्शो या जर्मन डॉक्टरला वरच्या सायलेशियातील टायफसच्या साथीची पाहणी करण्यासाठी पाठवण्यात आले. त्याने औषधांची मागणी करण्याऐवजी शिक्षण, स्वराज्य आणि दारिद्र्यनिर्मूलन यांची मागणी केली. आपल्याकडे १९४६ च्या भोर समितीने सार्वजनिक आरोग्याचा जो आराखडा मांडला त्यात निवारा, पाणी, आहार आणि कामाची परिस्थिती यांना वैद्यकीय सेवेच्या बरोबरीचे स्थान होते. १९७८ साली सोव्हिएत कझाकस्तानातील अल्मा-आता येथे जगभरच्या सरकारांनी ‘इसवी सन २००० पर्यंत सर्वांना आरोग्य’ ही घोषणा केली तेव्हाही, आरोग्य हे केवळ आरोग्य खात्याचे काम नव्हे, शेती, उद्योग, शिक्षण, घरबांधणी या सर्वांची ती जबाबदारी आहे, असे स्पष्ट म्हटले होते.

हा दृष्टिकोन सोडला की एन्नोर समजत नाही. दम्याच्या रुग्णाला श्वासातून घ्यायचे औषध दिले आणि त्याला पुन्हा त्याच धुराड्याखालच्या घरी पाठवले, तर तो उपचार ठरत नाही. फार तर ती तहकुबी ठरते.

भार कसा वाढत गेला

एन्नोर औष्णिक वीज केंद्राचा पहिला संच १९७० मध्ये सुरू झाला आणि १९७५ पर्यंत तेथे एकूण ४५० मेगावॉटचे पाच संच उभे राहिले. ते केंद्र २०१७ साली बंद झाले. परंतु तोवर खाडीच्या पलीकडे उत्तर चेन्नई औष्णिक वीज केंद्र उभे राहिले होते : १९९४ ते १९९६ या काळात ६३० मेगावॉट, पुढे आणखी १२०० मेगावॉट. त्याला लागूनच वल्लूर येथे केंद्र आणि राज्य यांच्या संयुक्त कंपनीचे १५०० मेगावॉटचे केंद्र २०१२ ते २०१५ या काळात आले. २०२४ च्या मार्चमध्ये उत्तर चेन्नई केंद्राच्या ८०० मेगावॉटच्या तिसऱ्या टप्प्याचे उद्घाटन झाले. एन्नोर विशेष आर्थिक क्षेत्रात १३२० मेगावॉटचा प्रकल्प बांधला जात आहे. शिवाय जुन्या बंद केंद्राच्या जागी ६६० मेगावॉटचा विस्तार योजलेला आहे. त्याच्या २०२४ च्या डिसेंबरमधील जनसुनावणीत स्थानिक जनतेने तीव्र विरोध नोंदवला.

ही झाली फक्त वीज. कोळसा उतरवण्यासाठी २००१ मध्ये एन्नोर बंदर सुरू झाले; आज ते कामराजर बंदर म्हणून ओळखले जाते. त्याच्या उत्तरेला २०१३ मध्ये कट्टुपळ्ळीचे खाजगी बंदर आले आणि २०१८ मध्ये ते अदानी समूहाच्या ताब्यात गेले. दक्षिणेला मणली येथे १९६० च्या दशकापासून तेलशुद्धीकरण, खते आणि पेट्रोरसायने यांचे मोठे संकुल आहे. एन्नोरमध्येच कोरोमंडल इंटरनॅशनलचा खत कारखाना आहे.

केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २००९ साली देशातील औद्योगिक पट्ट्यांचा सर्वंकष प्रदूषण निर्देशांक काढला. सत्तरच्या वर गुण म्हणजे स्थिती गंभीर. त्या यादीत मणलीला ७६.३२ गुण होते आणि आपल्या चंद्रपूरला ८३.८८. २०१८ च्या मोजणीत तर महाराष्ट्रातील तारापूर देशात सर्वात वर होते. म्हणजे उत्तर चेन्नई आणि महाराष्ट्र यांतील अंतर नकाशावर कितीही असो, या यादीत ते एकमेकांचे शेजारी आहेत.

आता मुख्य मुद्दा. वर सांगितलेला प्रत्येक प्रकल्प मंजूर झाला तो स्वतंत्रपणे. प्रत्येकाचा पर्यावरण-परिणाम अहवाल वेगळा, प्रत्येकाची जनसुनावणी वेगळी, प्रत्येकाचे धुराडे ‘विहित मर्यादेत’. कागदावर कोणीच दोषी नाही. परंतु कुप्पममधील मूल एका प्रकल्पाची हवा सकाळी आणि दुसऱ्याची संध्याकाळी घेत नाही. ते सर्वांची हवा एकाच श्वासात घेते. परवाने सुटे दिले जातात, भार मात्र एकत्र पडतो. ही बेरीज करण्याची सक्ती कोणावर नाही, आणि याच फटीतून चार-पाच दशके एकामागून एक प्रकल्प येत राहिले आहेत.

‘मर्यादा’ म्हणजे काय तेही पाहिले पाहिजे. अडीच मायक्रॉनहून बारीक धूलिकण नाकातील केसांनी किंवा घशातील कफाने अडत नाहीत. ते थेट फुफ्फुसाच्या तळापर्यंत आणि तेथून रक्तात जातात. दमा आणि श्वसनाचे जुनाट विकार तर त्यांच्यामुळे होतातच. शिवाय हृदयविकार आणि पक्षाघात यांचाही धोका वाढतो. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये त्यांची वार्षिक मर्यादा घनमीटरला ५ मायक्रोग्रॅम ठरवली. भारताची २००९ पासूनची मर्यादा ४० आहे. धुराड्यांतील गंधकाचा वायू शोषून घेणारी यंत्रणा बसवण्याचा नियम २०१५ च्या डिसेंबरमध्ये झाला. मुदत होती दोन वर्षांची. मुदतीमागून मुदत वाढत गेली आणि २०२५ च्या जुलैमध्ये केंद्र सरकारने देशातील बहुसंख्य वीज केंद्रांना या यंत्रणेतून सूटच देऊन टाकली. दहा वर्षे नियम पाळला गेला नाही, म्हणून नियमच मागे घेतला गेला!

राख

एक युनिट वीज तयार करण्यास साधारण ६०० ते ७०० ग्रॅम कोळसा लागतो. म्हणजे १००० मेगावॉटचे केंद्र पूर्ण क्षमतेने एक दिवस चालले तर सुमारे १५ हजार टन कोळसा जळतो. देशी कोळशात राखेचे प्रमाण ३० ते ४५ टक्के असते. तेव्हा असा कोळसा जाळणारे केंद्र दररोज पाच हजार टनांच्या आसपास राख निर्माण करते. एन्नोरच्या परिसरात चालू असलेल्या आणि उद्घाटन झालेल्या संचांची क्षमता चार हजार मेगावॉटच्या पुढे आहे. ही राख पाण्यात कालवून नळांतून दूरच्या तलावांत सोडली जाते. हे नळ नदी आणि खाडी ओलांडून जातात. ते गंजतात, फुटतात आणि करडा चिखल थेट खाडीत पडतो. सेप्पाक्कम या वस्तीला तर राखेच्या तलावानेच घेरले आहे. उन्हाळ्यात वारा सुटला की राख उडते आणि अन्नावर, पाण्यावर, अंथरुणावर बसते.

राखेत सिलिका असते. शिसे, आर्सेनिक, पारा, क्रोमियम यांचे अंश असतात. तळाशी राखेचा थर बसला की कोळंबीला लपायला आणि वाढायला चिखल उरत नाही. गाळ साचला की होडी जात नाही. खाडी उथळ झाली की पुराचे पाणी वस्तीत शिरते. त्यात वीज केंद्रातून सोडलेल्या गरम पाण्याची भर पडते. अलीकडच्या वर्षांत आणखी एक संकट आले आहे : दक्षिण अमेरिकेतील मूळ असलेली एक परकी शिंपली एन्नोरपासून पुलिकतपर्यंत पसरली आहे. ती बहुधा जहाजांच्या समतोलासाठी भरलेल्या पाण्यातून आली असावी. ती खाडीच्या तळावर गालिच्यासारखी पसरते आणि कोळंबीची जागाच बळकावते. एकाच खाडीवर हवा, पाणी, उष्णता, गाळ आणि परके जीव अशी पाच बाजूंनी चढाई झाल्यावर मच्छीमाराच्या जाळ्यात काय येणार?

मासळी गेली म्हणजे केवळ उत्पन्न गेले असे नव्हे. गरिबाच्या ताटातील सर्वात स्वस्त प्रथिने गेली. मासळी विकणाऱ्या बाईच्या हातातील रोख पैसा गेला. त्या पैशातूनच घरातले औषधपाणी होत होते. अशा रीतीने राख आधी नदीत पडते, मग ताटात आणि शेवटी शरीरात. ‘जीवनमान’ आणि ‘आरोग्य’ हे दोन वेगळे विषय मानणाऱ्यांनी ही साखळी ध्यानात घ्यावी.

एका स्थानिक मच्छीमाराने राखेच्या या प्रश्नावर राष्ट्रीय हरित लवादाकडे दाद मागितली. २०२२ च्या जुलैमध्ये लवादाच्या दक्षिण खंडपीठाने खाडी पूर्ववत करण्याचे आदेश दिले. एका सामान्य माणसाने वर्षानुवर्षे झगडून मिळवलेला हा विजय मोठाच आहे. परंतु आदेश आणि स्वच्छ खाडी यांच्यामध्ये जी दिरंगाई असते ती लवादाच्या कागदाने मोडत नाही. ती संघटित जनतेलाच मोडावी लागते.

एका महिन्यातील दोन आघात

२०१७ च्या २८ जानेवारीला कामराजर बंदराबाहेर दोन जहाजांची टक्कर होऊन जड इंधन तेल समुद्रात सांडले. अवकाशात उपग्रह सोडणाऱ्या देशात ते तेल बादल्यांनी आणि मगांनी उपसण्यात आले. त्यातून धडा घेतला गेला काय, याचे उत्तर २०२३ च्या डिसेंबरने दिले.

त्या महिन्याच्या प्रारंभी मिचाँग चक्रीवादळाने चेन्नईवर अतिवृष्टी केली. मणलीच्या संकुलात पाणी शिरले आणि त्या पाण्याबरोबर तेल वाहत बकिंगहॅम कालव्यातून एन्नोरच्या खाडीत आले. तामिळनाडू प्रदूषण नियंत्रण मंडळाने या तेलाचा माग चेन्नई पेट्रोलियमच्या आवारापर्यंत काढला. समुद्रावर सुमारे २० चौरस किलोमीटर क्षेत्रात तवंग पसरला. होड्या, जाळी, खारफुटीची मुळे आणि घरांच्या भिंती काळ्या पडल्या. तेल काढण्याच्या कामाला मच्छीमारच जुंपले गेले. ज्यांच्या घरात तेल शिरले त्यांनीच ते हातांनी उपसायचे, असा हा न्याय!

तवंग निघतो न निघतो तोच २६ डिसेंबरच्या मध्यरात्री कोरोमंडल कारखान्याच्या समुद्राखालील नळातून अमोनिया वायू फुटला. पेरियकुप्पम, चिन्नकुप्पम आणि आसपासच्या वस्त्यांतील माणसे डोळ्यांची आग, घशाची जळजळ आणि गुदमर घेऊन काळोखात रस्त्यावर पळाली. अनेकांना रुग्णालयात न्यावे लागले. धोक्याची सूचना वेळेवर मिळाली नाही अशी गावकऱ्यांची तक्रार होती. भोपाळच्या १९८४ नंतर ३९ वर्षांनी, एका महानगराच्या हद्दीत, माणसांना वायूची वार्ता भोंग्यावरून नव्हे, स्वतःच्या नाकातून कळावी, यावरून श्रमिकांच्या जिवाची किंमत राज्यकर्ते काय करतात ते दिसते. यानंतर कारखान्याच्या दारात स्त्री-पुरुषांनी महिनोन्‌महिने धरणे धरले.

तेलगळतीनंतर राज्य सरकारने ९००१ कुटुंबांना ८.६८ कोटी रुपयांची मदत जाहीर केली : २३०१ मच्छीमार कुटुंबांना प्रत्येकी १२,५०० रुपये, ६७०० कुटुंबांना प्रत्येकी ७,५०० रुपये आणि ७८७ होड्यांच्या दुरुस्तीसाठी प्रत्येकी १०,००० रुपये. ही रक्कम कशाची? चार-सहा आठवड्यांच्या उपासमारीची. महिनोन्‌महिने ज्या मासळीला गिऱ्हाईक मिळत नाही तिची ही भरपाई नव्हे. आणि शरीरात गेलेल्या विषाची तर नव्हेच. महाराष्ट्रात २०१५ च्या फेब्रुवारीत हरित लवादाच्या पुणे खंडपीठाने न्हावा-शेवा बंदराच्या विस्ताराने बाधित झालेल्या १६३० मच्छीमार कुटुंबांसाठी ९५.१९ कोटींचा निवाडा दिला, म्हणजे कुटुंबामागे ५ लाख ८४ हजार रुपये. दोन्ही प्रकरणे सारखी नाहीत : एक तातडीची मदत, दुसरी गेलेल्या रोजगाराची भरपाई. परंतु हिशेब बुडालेल्या रोजीच्या दराने मांडला की आकडा किती बदलतो, हे त्यावरून स्पष्ट व्हावे. निवाडा झाल्यावर पैसा प्रत्यक्ष हाती पडणे ही आणखी वेगळी लढाई असते, हे कोळी बांधव जाणतातच.

रोजगार की आरोग्य : एक खोटा पेच

येथे एक अवघड प्रश्न उभा राहतो आणि तो टाळून चालणार नाही. ज्यांच्या धुराड्यांविषयी येथे बोलले गेले ती बहुतेक केंद्रे सरकारी आहेत : राज्य वीज मंडळाच्या वारसदार कंपन्या, केंद्राच्या कंपन्या, सार्वजनिक क्षेत्रातील तेलशुद्धीकरण कारखाना, सरकारी बंदर. तेथे हजारो कामगार राबतात. त्यांच्या विजेवर शेतकऱ्याचा पंप चालतो आणि गरिबाच्या झोपडीतला दिवा लागतो. मग कामगारवर्गाने या केंद्रांच्या बाजूने उभे राहायचे की कुप्पमच्या?

हा पेच मालकवर्गाने आणि नोकरशाहीने रचलेला आहे. कारखाना सरकारी असला म्हणजे तो आपोआप जनतेचा होत नाही. त्याच्या कारभारावर आणि त्याच्या धुरावर जनतेची देखरेख असेल तेव्हाच तो जनतेचा. राखेचा नळ वेळेवर न बदलता वाचवलेला पैसा हा कामगाराच्या पगारात जात नाही. सार्वजनिक क्षेत्राचे रक्षण करायचे असेल तर ते शेजारच्या वस्तीच्या नजरेत रक्षणीय राहिले पाहिजे. अन्यथा खाजगीकरणवाल्यांना तिच्याच संतापाचा उपयोग करून घेता येतो.

शिवाय राखेचा पहिला बळी कोण? कुप्पमच्या आधी तो राख हाताळणारा कंत्राटी कामगार असतो. २०२५ च्या ३० सप्टेंबरला एन्नोर विशेष आर्थिक क्षेत्राच्या वीज प्रकल्पाच्या बांधकामावर लोखंडी सांगाडा कोसळून नऊ कामगार ठार झाले. ते आसाममधून पोटासाठी आलेले होते. हजारो किलोमीटरवरून आलेल्या त्या कामगारांच्या आणि खाडीवरच्या मच्छीमारांच्या दुःखाचे मूळ एकच आहे : काम लवकर आणि स्वस्तात उरकायचे, आणि सुरक्षिततेचा खर्च दुसऱ्याच्या अंगावर टाकायचा.

येथे मद्रासच्या इतिहासाचे स्मरण उचित होईल. १ मे १९२३ रोजी भारतातील पहिला मे दिन मद्रासच्या समुद्रकिनाऱ्यावर साजरा करणारे सिंगारवेलू हे मच्छीमार समाजातच जन्मले होते. १९२४ च्या कानपूर खटल्यात कॉ. डांगे यांच्याबरोबर त्यांचेही नाव आरोपींत होते. कुप्पम आणि गिरणी यांच्यात भिंत नाही, हे त्यांना कोणी समजावून सांगावे लागले नाही.

नकाशावरून पुसलेली खाडी

२०१७ साली माहितीच्या अधिकारातून एक विलक्षण गोष्ट उघडकीस आली. १९९६ मध्ये केंद्र सरकारने मंजूर केलेल्या किनारपट्टीच्या नकाशात एन्नोरची खाडी संरक्षित पाणथळ म्हणून दाखवलेली होती. नंतर तयार झालेल्या दुसऱ्या नकाशात तीच खाडी मोठ्या प्रमाणावर नाहीशी झाली होती. पाण्याच्या जागी जमीन दाखवली होती, आणि जमीन म्हटली की ती उद्योगांना देता येते. मच्छीमार रोज जेथे होडी चालवीत होते तेथे सरकारी कागदानुसार पाणीच नव्हते!

तामिळमध्ये ज्या जमिनीवर सारा नाही आणि जी साऱ्या गावाच्या वापराची आहे तिला ‘पोरंबोक’ म्हणतात. आपल्याकडचे गायरान आणि गावठाणाबाहेरचे ओढे-तळी आठवावीत. सामाईक होते तोवर ते सर्वांचे होते. पुढे हा शब्द ‘निरुपयोगी’ या अर्थाची शिवी बनला. सामाईक संपत्ती बळकावण्यापूर्वी तिला निरुपयोगी ठरवणे ही जुनीच रीत आहे. २०१७ च्या प्रारंभी गायक टी. एम. कृष्णा यांनी याच एन्नोरमध्ये चित्रित झालेल्या गीतातून हा शब्द सन्मानाने परत उच्चारला आणि खाडीचा प्रश्न देशभर पोहोचला.

जनतेची ताकद कागदालाही थांबवू शकते. कट्टुपळ्ळी बंदर सुमारे ३३० एकरांवरून ६१११ एकरांवर नेण्याच्या योजनेची जनसुनावणी २०२१ च्या जानेवारीत आणि पुन्हा २०२३ च्या सप्टेंबरमध्ये पुढे ढकलावी लागली. मच्छीमार, शेतकरी, विद्यार्थी आणि कामगार एकत्र आले म्हणून हे घडले.

महाराष्ट्रासाठी धडा

२०२२ च्या जुलैमध्ये कोराडी केंद्राचा खसाळा येथील राख बंधारा फुटला आणि नागपूरजवळच्या शेतांत व ओढ्यांत राख पसरली. मुंबईत माहूलला तेलशुद्धीकरण कारखान्यांच्या सान्निध्यात विस्थापितांना कोंबण्यात आले. २०१९ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने त्यांना अन्यत्र राहता यावे म्हणून महिना १५,००० रुपये भाडे देण्याचा आदेश दिला. त्या आदेशामागचे तत्त्व महत्त्वाचे आहे : छप्पर दिले म्हणजे घर दिले असे होत नाही, तेथे श्वास घेता आला पाहिजे.

या सर्व अनुभवांतून ज्या मागण्या पुढे येतात त्या एन्नोरपुरत्या नाहीत.

पहिली, आरोग्याची मोजणी. प्रत्येक औद्योगिक पट्ट्यात घराघरांतील श्वसनविकार, त्वचाविकार, मुलांची वाढ आणि मृत्यूंची कारणे यांची कायम नोंदवही हवी. प्राथमिक आरोग्य केंद्रात फुफ्फुसांची क्षमता तपासण्याची सोय हवी. आणि या नोंदी जनतेला खुल्या हव्यात. जे मोजले जात नाही त्याची भरपाई कधीच मिळत नाही.

दुसरी, बेरीज. नव्या प्रकल्पाला मंजुरी देण्यापूर्वी त्या पट्ट्यावर आधीच असलेला सगळा भार मोजला पाहिजे. तो सोसण्यापलीकडे गेला असेल तर नवे धुराडे नको.

तिसरी, खाडीची दुरुस्ती. राख काढणे, गळके नळ बदलणे, १९९६ च्या नकाशानुसार पाणथळीला संरक्षण देणे, आणि हे सारे दोषी कंपन्यांच्या खर्चाने करणे.

चौथी, भरपाई बुडालेल्या रोजीच्या दराने द्यावी. तीत मासळी विकणाऱ्या स्त्रिया आणि हाताने कोळंबी वेचणारे इरुळर यांना हक्काचे स्थान हवे. होडी नाही म्हणून कोणी मच्छीमार नाही असे ठरू नये.

पाचवी, कामगारांची सुरक्षितता. कंत्राटी व परप्रांतीय कामगारांची नोंद, मूळ मालकाची जबाबदारी, आणि जुनी केंद्रे बंद होतील तेथे कामगारांना पर्यायी रोजगाराची कायदेशीर हमी. ही हमी नसेल तर प्रत्येक बंद धुराड्याबरोबर कामगार आणि वस्ती एकमेकांसमोर उभे केले जातील.

यांपैकी पहिल्या कामासाठी सरकारची वाट पाहण्याचे कारण नाही. चंद्रपूर असो की तारापूर, युनियनचे कार्यकर्ते, आरोग्यसेविका, शिक्षक आणि वैद्यकीय विद्यार्थी मिळून एका वस्तीतील शंभर घरांची नोंद एका महिन्यात करू शकतात. किती मुले रात्री खोकतात, किती जणांनी धापेमुळे काम सोडले, औषधावर महिन्याला किती खर्च होतो, एवढे तीन प्रश्न पुरेत. अशी नोंदवही हातात घेऊन जनसुनावणीत उभा राहिलेला कार्यकर्ता आणि केवळ घोषणा घेऊन उभा राहिलेला कार्यकर्ता यांत अधिकाऱ्याला कोणाचे भय वाटते, हे वेगळे सांगण्याची गरज नाही.

सरकार मेगावॉटची बेरीज करते, कंपनी नफ्याची करते. खोकल्याची बेरीज कष्टकऱ्यांच्या संघटनेलाच करावी लागेल. एन्नोरच्या जनतेने ती सुरू केली आहे.